व्यावसायिक संघटनेची घटनादुरुस्ती: ठरावापासून बदल अर्जापर्यंत

डॉक्टर, वकील, अभियंते, आर्किटेक्ट, करसल्लागार यांच्या महाराष्ट्रातल्या जिल्हा-तालुका पातळीवरच्या बऱ्याच संघटना दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. आपल्या लेटरहेडवर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर तुमची संघटना याच वर्गात येते आणि पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. कामगार संघटना म्हणून झालेली नोंदणी (पूर्वी कामगार संघटना कायदा १९२६, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२०) किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी यांचे नियम वेगळे. त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

सगळ्यात आधी नोंदणीच्या वेळी दाखल केलेल्या घटनेची प्रमाणित प्रत काढा. संघटनेच्या कपाटातली झेरॉक्स नको, धर्मादाय कार्यालयातून नक्कल घ्या. मध्ये कधीतरी सभेत ‘मंजूर’ झालेली पण कुठेच दाखल न झालेली दुरुस्ती कपाटातल्या प्रतीत बेमालूम मिसळलेली असते, आणि कार्यालय फक्त स्वतःच्या दप्तरातली प्रत ओळखतं.

त्या प्रतीचे दोन भाग दिसतील. पहिला विधानपत्र, म्हणजे मेमोरँडम: नाव, उद्दिष्टं, पहिली कार्यकारिणी. दुसरा नियमावली: सभासदत्व, वर्गणी, निवडणूक, सभा, कोरम, पदाधिकाऱ्यांचे अधिकार. तुम्हाला काय बदलायचं आहे ते यातल्या कुठल्या भागात आहे, यावर पुढचा रस्ता ठरतो. वर्गणीची पद्धत किंवा कार्यकारिणीची संख्या बदलायची असेल तर नियमावलीतच ‘नियमात बदल’ अशा शीर्षकाचं कलम असतं. त्यात सांगितलेली नोटीस आणि सांगितलेलं बहुमत पाळायचं. उद्दिष्टं किंवा नाव बदलायचं असेल तर १८६० च्या अधिनियमाचं कलम १२ लागतं, नावासाठी त्याच्या जोडीला १२अ. काही संघटनांनी नियमावलीच्या दुरुस्तीलाही कलम १२ चीच पद्धत लावून घेतलेली असते. तसं असेल तर सुटका नाही.

कलम १२ नीट वाचण्यासारखं आहे. प्रस्ताव कार्यकारिणीकडून यावा लागतो. एखाद्या सभासदाला दुरुस्ती सुचवायची असेल तर त्याने ती लेखी कार्यकारिणीकडे द्यावी. सभेत उभं राहून मांडलेली सूचना ऐकून घेतात, पण ती प्रस्ताव ठरत नाही. कार्यकारिणीने प्रस्ताव लेखी किंवा छापील अहवालाच्या रूपात तयार करायचा, विशेष सभा बोलवायची आणि तो अहवाल सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला हातोहात किंवा पोस्टाने पोचवायचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली पीडीएफ आणि त्याखालचे अंगठे सोयीचे असतात, पण पोस्टाच्या पावत्या किंवा पोच-वहीतल्या सह्या यांची जागा ते घेत नाहीत. ‘मला नोटीसच मिळाली नाही’ ही हरकत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त येणारी.

मग मतांचा हिशेब. पहिल्या विशेष सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी प्रस्ताव संमत व्हायला हवा. मत प्रत्यक्ष किंवा प्रॉक्सीने, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला अधिकार देऊन, देता येतं. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी पुष्टी. कायद्याने ‘हजर’ हा शब्द दुसऱ्या सभेपुरताच वापरलाय, पहिल्या सभेसाठी नाही. म्हणून पहिल्या वेळी एकूण मताधिकारी सभासदांवर हिशेब धरणं सुरक्षित.

समजा यादीत ४०० नावं आहेत. तीन-पंचमांश म्हणजे २४० मतं. एवढी माणसं दिवाळीच्या स्नेहमेळाव्यालाही जमत नाहीत. इथे कलम १५ कामाला येतं: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. ९० जण असे थकबाकीदार निघाले तर मोजायचे ३१० उरले आणि लागणारी मतं १८६. मात्र ही यादी सभेच्या आधी वर्गणीच्या पावती पुस्तकावरून तयार झालेली हवी. सभा संपल्यावर आकडा जुळत नाही म्हणून गाळलेली नावं लगेच ओळखू येतात. दुसऱ्या सभेला १२० आले तर ७२ मतं पुरतात.

सर्वसाधारण सभेत रुळलेली एक सवय इथे घात करते. कोरम नाही, सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, आता कोरमचं बंधन नाही. हिशेब मंजूर करायला हे चालतं. तीन-पंचमांशाची अट काही अर्ध्या तासात विरघळत नाही. तसंच ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीखाली घटनादुरुस्ती घुसवता येत नाही. विषयपत्रिकेवर नुसतं ‘घटनादुरुस्तीबाबत विचार करणे’ असंही लिहू नका. कोणतं कलम, आजचा मजकूर काय, प्रस्तावित मजकूर काय, हे तीन रकान्यांच्या तक्त्यात नोटिशीबरोबरच जोडा. चौथा रकाना कारणाचा ठेवलात तर सभेतले निम्मे प्रश्न आधीच मिटतात.

सभेत दुरुस्तीवर उपदुरुस्ती आली तर? शुद्धलेखनापुरती असेल तर चालून जाईल. आशय बदलत असेल तर नव्या मजकुराची नोटीस कुणालाच गेलेली नाही, म्हणून नवी सभा घेणंच शहाणपणाचं. ‘आवश्यक ते किरकोळ बदल करण्याचे अधिकार कार्यकारिणीस देण्यात येत आहेत’ हे ठरावातलं लाडकं वाक्य माझ्या मते काढूनच टाकावं. वादाची सुरुवात तिथूनच होते.

दोन्ही सभा पार पडल्या की कार्यालयाचं काम. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज करायचा. बोलीत ‘चेंज रिपोर्ट’, नमुना अनुसूची तीनचा. मुदत बदल घडल्यापासून ९० दिवस. पहिली सभा २५ जानेवारीला आणि पुष्टीची सभा १ मार्चला झाली असेल तर ९० वा दिवस ३० मे. मुदत हुकली तर सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो.

नियमावलीतला प्रत्येक बदल या अर्जात बसतोच असं नाही. कलम २२ त्या कार्यालयातल्या सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीतल्या (अनुसूची एक) नोंदींबद्दल आहे. नाव, उद्दिष्टं आणि विश्वस्तपदाच्या (संघटनेत विश्वस्त म्हणजे कार्यकारिणीचे सदस्य) उत्तराधिकाराची पद्धत या अनुसूची एकमधल्या नोंदी आहेत. कार्यकारिणीची मुदत तीनाची पाच वर्षं केली किंवा निवडीची पद्धत बदलली तर ती ‘उत्तराधिकाराची पद्धत’ बदलली, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नियमावलीतले बाकीचे बदल सुधारित प्रतीसह त्याच कार्यालयात सहायक संस्था निबंधकांकडे दाखल करावेत.

सोबत काय लावायचं: अनुसूची एकचा ताजा उतारा, १८६० खालचं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीच्या सभेचा ठराव, दोन्ही विशेष सभांच्या नोटिसा आणि त्या पोचल्याचे पुरावे, मताधिकारी सभासदांची यादी, हजेरीच्या सह्या, मतांची नोंद असलेली इतिवृत्तं, तुलनात्मक तक्ता, कार्यकारिणीच्या किमान तीन सदस्यांनी प्रमाणित केलेली सुधारित नियमावली, आणि अर्जदार विश्वस्ताचं शपथपत्र. वकील देणार असाल तर वकीलपत्र. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकाचं नाव, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकड्यांत लिहा. ‘टाळ्यांच्या गजरात सर्वानुमते मंजूर’ यावरून तीन-पंचमांश सिद्ध होत नाही. इतिवृत्त वहीत खाडाखोड झाली असेल तर त्यावर सही करा, व्हाइटनर लावू नका. मागच्या निवडणुकीचा बदल अर्ज अजून प्रलंबित असेल तर आधी तो मार्गी लावा, नाहीतर सभा बोलावणाऱ्यांच्या अधिकारावरच प्रश्न येतो.

अर्जावर चौकशी होते, हरकत आली तर दोन्ही बाजूंचे पुरावे घेतले जातात. आदेश मान्य नसेल तर कलम ७० खाली ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

आता राहिलेल्यांबद्दल. कामगार संघटना म्हणून नोंदलेल्या संघटनेला १९२६ च्या कायद्याखाली नियमांतला बदल १५ दिवसांत निबंधकांना कळवावा लागे. नव्या संहितेखालची चालू पद्धत निबंधकांकडून विचारून घ्या. कलम ८ च्या कंपनीला विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं, आणि शिवाय घटनापत्र किंवा नियमावली बदलायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. राज्य किंवा राष्ट्रीय संघटनेची शाखा असाल तर मातृसंस्थेच्या घटनेशी विसंगत काही करता येतं का, हे आधी पाहा. काही ठिकाणी त्यांची लेखी मान्यता बंधनकारक असते. आयकर खात्याकडे सूट-नोंदणी असेल आणि उद्दिष्टं बदलली असतील तर तिथेही अर्ज करावा लागतो. १९६१ च्या कायद्यात त्याची मुदत ३० दिवसांची होती. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातला चालू नमुना सीएकडून विचारून घ्या.

आदेश हाती येईपर्यंत निवडणूक जुन्याच नियमांनी घ्यावी. मुदतवाढीची दुरुस्ती करून ती बसलेल्या कार्यकारिणीलाच लावायचा मोह अनेकांना होतो. ‘हा बदल पुढील निवडणुकीपासून लागू राहील’ अशी एक ओळ ठरावात घातली की विरोधाची मतं बरीच कमी होतात.