आधी फिका, मग रंगीत: रेनबो माशाची पार्श्वभूमी

दुकानातल्या टाकीत रेनबो मासा नजरेत भरत नाही. दोनेक इंचांची, रुपेरी, चपट्या अंगाची पिल्लं असतात. शेजारी लालभडक गोल्डफिश पोहत असताना त्यांच्याकडे बघणार कोण? सोलापुरात घरच्या टँकचा क्रम बहुतेकांचा ठरलेला आहे. आधी गप्पी, मग गोल्डफिश, एंजल, आणि कुणीतरी ‘लकी असतो’ म्हणालं की फ्लॉवरहॉर्न. रेनबोकडे माणूस वळतो तो हे सगळं करून झाल्यावर. घरी आणल्यावर सहा महिने, कधी वर्षभर थांबावं लागतं, तेव्हा कुठे नराच्या अंगावर खरा रंग चढतो. या माशाचा इतिहास बघितला तर तिथेही हाच उशीर दिसतो.

या कुळाचं मूळ घर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. शंभराहून जास्त जातींची नोंद झाली आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा हे दोन्ही भूभाग जमिनीने जोडलेले होते. त्यामुळे उत्तर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण न्यू गिनीतले रेनबो एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, तर न्यू गिनीच्या मधल्या डोंगररांगेपलीकडचे अगदी वेगळे. निसर्गतज्ज्ञ जॉन रिचर्डसन यांनी 1843 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ऑस्ट्रेलियन रेनबो युरोपातल्या हौशी लोकांच्या टाक्यांत पोचले, पण त्यांनी फार गाजावाजा केला नाही. मासे काटक होते, देखणे होते, एवढंच.

खरी गोष्ट बोसमनी नावाच्या रेनबोची. मारिनस बोसमन हे हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयातले मत्स्यतज्ज्ञ. 1954-55 मध्ये ते न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला, आयामारू सरोवरांच्या भागात गेले आणि तिथून माशांचे नमुने घेऊन आले. नमुने बरणीत, द्रावणात. त्यात माशाचा आकार टिकतो, खवले मोजता येतात, पण रंग उतरतो. पंचवीस वर्षं हा मासा बरणीत पडून होता आणि तो जिवंतपणी कसा दिसतो याची मत्स्यशास्त्राला कल्पना नव्हती. 1980 मध्ये जेराल्ड ॲलन आणि नॉर्बर्ट क्रॉस या मत्स्यतज्ज्ञांनी त्या नमुन्यांवरून नवी जात जाहीर केली आणि तिला बोसमन यांचं नाव दिलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ॲलन आणि जर्मन संग्राहक हाइको ब्लेहर त्या सरोवरांपर्यंत पोचले आणि जिवंत मासे बाहेर आले. पुढचं अर्धं अंग निळं-जांभळं, मागचं अर्धं नारिंगी, जणू इरकलीला दुसऱ्याच रंगाचा पदर जोडलाय. शौकिनांचं जग चाट पडलं.

लाल रेनबोचंही असंच. न्यू गिनीतल्या सेंतानी सरोवरातल्या या माशाला प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1907 मध्ये नाव दिलं, आणि तो टाक्यांत आला 1970 च्या दशकात. निळ्या अंगाचा, लाल परांचा बुटका निऑन रेनबो 1922 पासून कागदावर होता. बाजारात दिसायला 1990 चं दशक उजाडलं.

प्रसिद्धीची किंमत बोसमनीने मोजली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आयामारू भागातून हे मासे प्रचंड संख्येने पकडले गेले. रंग नरालाच, म्हणून उपसा मुख्यतः नरांचाच. हा भाग इंडोनेशियात येतो, आणि तिथल्या सरकारला निर्बंध घालावे लागले. आज ही जात निसर्गात संकटग्रस्त मानली जाते आणि दुकानात येतो तो शेततळ्यात वाढवलेला माल. त्यात एक गोम आहे. रेनबोच्या जाती एकमेकांत सहज मिसळतात आणि माद्या जवळजवळ सारख्याच दिसतात. अशा मिसळीतून आलेल्या बोसमनीचा नारिंगी रंग वर्षभर थांबूनही मळकटच राहतो. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही पिल्लू फिकंच दिसतं.

सोलापूरला मात्र एक गोष्ट फुकटात मिळाली आहे: जड, म्हणजे क्षारांचं पाणी. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच टँकच्या काचेवर पाण्याच्या रेषेला बसतो. ब्लेडने खरवडावा लागतो. या पाण्यात निऑन टेट्रा किंवा डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे टिकवताना माणूस रडकुंडीला येतो. पण आयामारूची सरोवरं चुनखडीच्या प्रदेशातली. तिथलं पाणीच जड आणि अल्कधर्मी, त्यामुळे बोसमनीला आपलं पाणी परकं वाटत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा जो वैताग आहे, त्याचाही इथे फायदाच. उजनीचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवावंच लागतं, आणि उघड्यावर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन दोन दिवसांत बराचसा उडून जातो.

अडचण उन्हाळ्याची. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर जेमतेम साडेसात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी त्याच्याही वर जातं. रेनबो हा सतत पळणारा, कळपाने राहणारा मासा, त्याला हवा जास्त लागते. एअर पंप बंद पडला की अख्खा कळप पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा पंप हवाच. टाकी लांबीला किमान चार फूट असावी आणि वर झाकण असावं, कारण हा मासा उडी मारतो.

हौस पुरी वसूल होते ती सकाळी. पहिला उजेड टाकीवर पडला की नर एकमेकांसमोर पर ताणून उभे राहतात. मादी जवळ आली की कपाळापासून पाठीपर्यंत एक फिकट पट्टा क्षणभर लख्ख होतो आणि विझतो. दुपारी हेच मासे साधे दिसतात, त्यामुळे संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला ‘अहो, सकाळी बघायला हवं होतं’ असं सांगण्यापलीकडे काही उरत नाही.

अंडी चिकट धाग्यांनी झाडोऱ्याला लटकतात. झाडोरा नसेल तर लोकरीचा झुपका करून सोडतात. इथे सोलापूरकराने जरा जपावं. गल्लोगल्ली सूत मिळतं म्हणून चादरीचं सूत वापरायचा मोह होतो, पण सुती धागा पाण्यात कुजतो आणि कच्चा रंग सुटतो. विणकामाची ॲक्रिलिक लोकर घ्यावी, गडद हिरवी, आणि गरम पाण्यातून काढून मगच टाकीत सोडावी. झुपका आठवड्याने उचलून वेगळ्या टाकीत ठेवला, तर पुढच्या काही दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती इतकी बारीक असतात की पहिले काही दिवस त्यांना नेहमीचा दाणा चालत नाही, सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणीच द्यावं लागतं.