कबुली दिली म्हणजे गुन्हा सिद्ध? नाही!
अमली पदार्थाच्या खटल्यात आरोपीने अधिकाऱ्यासमोर कबुली दिली की शिक्षा ठरलेलीच, हे आजही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2020 रोजी ठरवलं की, एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम 67 खाली अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. मग उरतो मुद्देमाल, आणि खटले ढासळतात ते तिथेच. कलम 52अ नुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात. गांजाचा नमुना 24 ग्रॅमचा, आणि असे दोन नमुने. नुसत्या 52अच्या चुकीने आरोपी आपोआप सुटत नाही. पण लाखेचं सील प्रयोगशाळेत तुटलेलं पोचलं, मुद्देमाल रजिस्टरमध्ये नमुन्याचं पाकीट बाहेर गेल्याची नोंदच नसली, तर तपासलेला गांजा जप्त केलेलाच होता हे कोण सांगणार?