कुट्टूचं घावन: ग्लूटेन नसताना पीठ धरतं कसं?

बकव्हीट या इंग्रजी नावात गहू आहे, पण कुट्टूचं गव्हाशी काही नातं नाही. मंडईत मिळणाऱ्या आंबटचुक्याच्या कुळातली ही वनस्पती. तिचं तिकोनी बी दळून केलेल्या पिठाची पातळ, जाळीदार 'गालेत' फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात रोजच्या जेवणात असते. तांदळाचं घावन जमत असेल त्याला हीही जमते.

८ घावनांसाठी २०० ग्रॅम कुट्टूचं पीठ, ५ ग्रॅम मीठ आणि ४५० मिली पाणी घ्यावं. आधी निम्मंच पाणी घालून दाटसर पीठ गुठळ्या मोडेपर्यंत चांगलं फेटावं, मग उरलेलं पाणी थोडं थोडं घालावं. मैद्याचं पीठ जास्त फेटलं की ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या पीठ धरून ठेवणाऱ्या चिकट प्रथिनामुळे, चिवट होतं, इथे ती भीती नाही.

खरं काम पुढच्या वेळात होतं. झाकून किमान २ तास ठेवलं की स्टार्चचे कण आणि तंतू पाणी शोषतात आणि पीठ दाट होतं. तव्यावर साधारण ६५–७० अंशांच्या पुढे हा भिजलेला स्टार्च फुगून एकसंध पापुद्रा होतो. ग्लूटेनचं काम इथे तोच करतो. घाई करून हे २ तास टाळले तर घावन उलटताना तुकडे होतात. रात्रभर ठेवलं तर उत्तमच, पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत फ्रिजमध्ये, नाहीतर आंबतं. सकाळी पाणी घालून पुन्हा ताकाइतकं सैल करावं. आधार हवाच असेल तर एक अंडं किंवा चमचाभर जवसाची पूड घालावी. जवस पाण्यात बुळबुळीत होतो, तोच बुळबुळीतपणा पीठ धरतो.

तवा चांगला तापू द्यावा. पाण्याचा थेंब नाचत पळाला की तेलाचा हात फिरवून ८० मिली पीठ ओतावं आणि लगेच तवा फिरवून पसरावं. पाण्याची झटकन वाफ होते तेव्हाच जाळी पडते. तवा कोमट असेल तर पीठ चिकटतं आणि घावन पांढुरकं, लिबलिबीत राहतं. कडा आपोआप सुटल्यावरच उलथणं घालावं. तयार घावनं फडक्यात झाकून ठेवावीत, उघडी राहिली की घडी घालताना तडकतात.

सीलिएक (ग्लूटेन खाल्ल्याने आतड्याला इजा होते असा आजार) असलेल्यांसाठी मात्र पिठाहून स्वयंपाकघर महत्त्वाचं. नियमानुसार ग्लूटेन-मुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही आणि गहू दळणाऱ्या गिरणीत कुट्टू दळलं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून सीलबंद, ग्लूटेन-मुक्त असं छापलेलं पाकीटच घ्यावं. पोळ्यांचा बिडाचा तवा वापरू नये, वेगळा ठेवावा. बरोबरच्या भाजीत हिंग घालणार असाल तर डबीवरचे घटक वाचा: बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. कुट्टूतल्या स्निग्धांशामुळे पीठ लवकर खवट होतं. थोडंच आणावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि कडवट वास आला तर टाकून द्यावं.