पार्श्वभूमी: जळगाव-धुळ्याच्या अंदाजपत्रकात प्राधान्य कुठे ठरते

रस्ते आधी की जलवाहिनी, हा वाद अर्थसंकल्पी सभेत रंगतो. निकाल मात्र बहुतेक वेळा लेखा विभागात आधीच लागलेला असतो.

राज्यातील नगरपालिकांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, 1999 मध्ये बंद झाली. 2003 मध्ये जळगाव आणि धुळ्याच्या महानगरपालिका झाल्यावर तो मार्ग पुन्हा खुला झाला. जळगावात 1 एप्रिल 2010 पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला; राज्यातल्या पहिल्या तीन शहरांत हे एक होते. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आत उलाढाल असलेले व्यापारी त्यातून सुटले आणि जुलै 2017 मध्ये जीएसटीबरोबर तो संपलाच. आता 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून, दरसाल 8 टक्के वाढीने भरपाईचे अनुदान येते. पगार-पेन्शनला त्याचा मोठा आधार आहे. शहरात व्यापार वाढला म्हणून ते वाढत नाही.

म्हणून स्वतःच्या उत्पन्नावर भिस्त वाढते, आणि म्हणूनच जळगावात महापालिकेने भाड्याने दिलेल्या गाळ्यांचा प्रश्न इतका जड झाला. व्यापारी संकुलांतील बहुतेक गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपली. नूतनीकरण करायचे की लिलाव, भाडे जुन्या दराने की रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या मालमत्ता-मूल्याच्या) दराने, यावर वर्षानुवर्षे खल झाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 नुसार महापालिकेची मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. गाळेधारकांचे म्हणणे असे की रेडीरेकनरवर काढलेले भाडे छोट्या दुकानाला झेपत नाही, आणि त्यात तथ्य आहे. पण निर्णय लांबला की अंदाजपत्रक बिघडते. वादातली थकबाकी जमेच्या बाजूला पूर्ण धरली तर तेवढ्याच रकमेची कामे खर्चाच्या बाजूला चढतात. पैसा येत नाही, कार्यादेश मात्र निघतात.

तिथून दायित्व, म्हणजे झालेल्या कामांची न दिलेली देणी, तयार होते. समजा, रस्त्यांच्या लेखाशीर्षावर (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यावर) 10 कोटींची तरतूद आहे आणि मागच्या कामांची 7 कोटींची देयके बाकी आहेत. नव्या रस्त्यांना उरतात 3 कोटी. छापील पुस्तकात 10 दिसतात, म्हणून प्रत्येक प्रभाग त्या 10 वर हक्क सांगतो. पुस्तक हातात आले की मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा हे तीन रकाने शेजारी ठेवून पाहावेत. सुधारित आकडा दरवर्षी निम्म्यावर येत असेल तर मूळ आकडा फुगवलेला आहे.

उरलेल्यातही मोकळीक थोडीच. महिला-बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी 5 टक्के राखावे लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. पाणीपुरवठा-मलनिस्सारणाच्या अमृतसारख्या केंद्रीय योजनेचा स्वहिस्सा (महापालिकेने भरायचा वाटा) वेळेत भरला नाही तर पुढचा हप्ता अडू शकतो, म्हणून तो गल्लीतल्या गटारीच्या आधी जातो.

2023 च्या उत्तरार्धात दोन्ही शहरांतील सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक आले. आयुक्तांनी मांडायचे, स्थायी समितीने तपासायचे, महासभेने मंजूर करायचे, हे तिन्ही टप्पे एकाच टेबलावर आले. कागद लवकर हलले हे खरे, पण त्या काळात लेखाशीर्षावर बोट ठेवून दायित्व विचारणारे कोणी उरले नव्हते.