हीबी (लघुग्रह)

हीबी : मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील एक मोठा पाषाणी लघुग्रह. अनुक्रमांक ६. ग्रीक उच्चाराला जवळचे ‘हेबे’ हे रूपही वापरले जाते. वर्णपटानुसार हा ‘एस’ वर्गात, म्हणजे मुख्यतः सिलिकेटी खडक व थोडी लोह-निकेल धातू असलेल्या लघुग्रहांत मोडतो. पृथ्वीवर पडणाऱ्या ‘एच’ कोंड्राइट अशनींचा (बारीक गोलसर कण असलेल्या पाषाणी उल्कापाषाणांच्या एका गटाचा) जनक हाच असावा, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. हीबीवरील बहुतेक लेखन याच प्रश्नाभोवती फिरते.

शोध : ड्रीझेन (आता पोलंडमधील ड्रेझ्देन्को) येथील कार्ल लुडविग हेन्के या हौशी निरीक्षकाने १ जुलै १८४७ रोजी हा शोधला. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या हेन्के यांचा हा दुसरा शोध. पहिला ॲस्ट्रिया (८ डिसेंबर १८४५). १८०७ मध्ये व्हेस्टा सापडल्यानंतर ॲस्ट्रियापर्यंत ३८ वर्षे एकही लघुग्रह सापडला नव्हता. ताऱ्यांचे तपशीलवार नकाशे हाताशी ठेवून, नकाशात नसलेला बिंदू दिसला की तो पुढच्या रात्री सरकला का, हे पाहायचे अशी त्यांची पद्धत होती. नाव जर्मन गणितज्ञ गाउस यांनी सुचविले. हीबी ही ग्रीक पुराणातील तारुण्याची देवता आणि देवांची चषकवाहिनी असल्याने जुन्या पंचांगवजा सारण्यांत चषक हे या लघुग्रहाचे चिन्ह आढळते.

कक्षा व भौतिक गुणधर्म : सूर्यापासून सरासरी अंतर सु. २·४३ खगोलीय एकक (ख. ए.; १ ख. ए. म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), उपसूर्य (सर्वांत कमी) अंतर सु. १·९४, अपसूर्य (सर्वांत जास्त) अंतर सु. २·९२ ख. ए.; कक्षेचा कल १४·७°, प्रदक्षिणाकाल ३·७८ वर्षे. सरासरी व्यास सु. १९० किमी., परिवलनकाल ७·२७ तास. पृष्ठ सु. २७ टक्के प्रकाश परावर्तित करते. वस्तुमान सु. १·३ × १०^१९ किग्रॅ., म्हणजे संपूर्ण पट्ट्याच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. घनता सु. ३·५ ग्रॅ./घ. सेंमी. निघते, पण तिच्यातील अनिश्चितता ०·६ इतकी आहे. कारण घनता ही व्यासाच्या घनावर अवलंबून असते आणि व्यासातील ३ टक्के चूक घनतेत ९ टक्के होऊन उतरते. वस्तुमानातील चूक त्यात निराळी मिळते. तरीही एवढी घनता सैल दगडांच्या ढिगाऱ्याला शोभत नाही. आतून बराचसा अभंग पिंडच संभवतो.

अशनींच्या उगमाचा वाद : पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सु. एक-तृतीयांश ‘एच’ कोंड्राइट असतात. यांत एकूण लोह अधिक आणि सिलिकेटी खनिजांपैकी पायरोक्सीनच्या मानाने ऑलिव्हीन कमी असते. गुजरातेतील धजाला येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला अशनी याच गटातला.

हीबीच्या बाजूने दोन युक्तिवाद होते. पहिला गतिकीय : गुरूशी ३:१ अनुस्पंदनाचा पट्टा (जेथे गुरूच्या एका प्रदक्षिणेत लघुग्रहाच्या तीन होतात) २·५० ख. ए. वर आहे आणि शनीशी निगडित दुसरे एक अनुस्पंदनही हीबीच्या कक्षेपासून दूर नाही. आघाताने उडालेले तुकडे त्यांत शिरले की कक्षा लांबट होऊन ते पृथ्वीपर्यंत येऊ शकतात. दुसरा युक्तिवाद खनिजांचा. १९९८ मध्ये गॅफी व गिल्बर्ट यांनी हीबीचा वर्णपट ‘एच’ कोंड्राइटांशी जुळतो आणि ‘दोन-ई’ गटातील लोह अशनींचाही उगम तेथेच असावा, असे मांडले.

वर्णपटाची ही जुळणी दिसते तितकी सरळ नसते. सु. ०·९ व १·९ मायक्रोमीटरपाशी असलेल्या दोन शोषणपट्ट्यांचे मध्य आणि क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढून ऑलिव्हीन-पायरोक्सीनचे प्रमाण ठरवितात. लघुग्रहाच्या वर्णपटाला सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागावे लागते. तो तारा आकाशात जवळपास त्याच उंचीवर नसेल, तर वातावरणातील बाष्पाचे १·९ मायक्रोमीटरजवळचे शोषण पुरते वजा होत नाही आणि नेमका दुसरा पट्टा बिघडतो. शिवाय सौरवात व सूक्ष्म आघात यांमुळे पृष्ठ लालसर होते व पट्टे उथळ होतात. ‘एस’ वर्ग म्हणजेच सामान्य कोंड्राइटांचे घर की नाही, ही शंका मुख्यतः यातूनच उद्भवली होती. इतोकावा या ‘एस’ वर्गीय लघुग्रहाचे कण हायाबुसा यानाने २०१० मध्ये पृथ्वीवर आणल्यावर ती मिटली. मात्र त्याने हीबीचा दावा सिद्ध होत नाही. वर्ग जुळला, पत्ता नव्हे.

२०१७ मध्ये मार्से व सहकाऱ्यांनी चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या प्रतिमांवरून हीबीचा आकार काढला. पृष्ठावर पाच मोठे खळगे दिसले. पण त्यांतील सर्वांत मोठ्याचे आकारमान जवळपासच्या, ‘एच’ कोंड्राइटांशी जुळणाऱ्या लघुग्रह-कुलांच्या (एकाच पिंडाच्या तुकड्यांच्या समूहांच्या) एकत्रित आकारमानाच्या सु. एक-पंचमांशच भरले. एवढा माल निघाला, तर खड्डा तेवढा हवा, हा हिशेब येथे जुळत नाही. २०२४ मध्ये ब्रोझ व सहकाऱ्यांनी कोरोनिस कुलातील दोन अलीकडच्या आघातांकडे (सु. ५८ लाख व ७६ लाख वर्षांपूर्वीच्या) बोट दाखविले. अनेक ‘एच’ कोंड्राइटांचा विश्वकिरणांत उघडे राहण्याचा (म्हणजे मूळ पिंडापासून सुटून अवकाशात फिरण्याचा) काळ ७०-८० लाख वर्षे येतो, हे या मताला पोषक आहे. कोरोनिस कुल सु. २·८७ ख. ए. वर असून नजीकचे ५:२ अनुस्पंदन बरेच तुकडे गुरूकडून बाहेर फेकून देते, ही त्यातली अडचण. परंतु तरुण कुलांत लहान तुकड्यांचा साठा इतका मोठा असतो की उरलेलेही पुरेसे ठरतात. सध्या हे मत अधिक ग्राह्य वाटते. लोह अशनींशी असलेल्या संबंधाचा निकाल मात्र त्याने लागत नाही.

निरीक्षण : प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध दिशेला असणे) सु. १६ महिन्यांनी येते. उपसूर्याजवळच्या प्रतियुतीत तेजस्विता ७·५ प्रतीपर्यंत जाते (प्रतीचा अंक जितका लहान तितके तेज अधिक). अंधाऱ्या जागेतून ५० मिमी. द्विनेत्रीत हीबी दिसते, पण ताऱ्यासारखीच. कोनीय व्यास तेव्हाही पाव विकलेच्या आसपास असतो. प्रतियुतीजवळ ती रोज साधारण पाव अंश सरकते, म्हणून लागोपाठ दोन रात्रींचे रेखाटन ओळख पटवायला पुरते. वक्री-मार्गी होण्याच्या, म्हणजे आकाशातील सरकण्याची दिशा उलटण्याच्या सुमारास ही युक्ती फसते, कारण तेव्हा सरकणे जवळजवळ थांबते.

ताऱ्याच्या पिधानात (लघुग्रहाने तारा झाकला जाताना) छाया जमिनीवरून सेकंदाला दहा-पंधरा किमी. वेगाने जाते. वेळेत ०·१ सेकंदाची चूक झाली तर आकारात किलोमीटरभराची चूक येते. ५ मार्च १९७७ रोजी हीबीने गॅमा सीटी हा ३ प्रतीचा तारा झाकला. त्या वेळी एका निरीक्षकाला मुख्य छायापट्ट्याबाहेर तारा क्षणभर लोपल्याचे दिसले व उपग्रहाची कल्पना पुढे आली. तिला नंतर पुष्टी मिळालेली नाही.