गॅस गिझरसाठी पीएनजी पॉईंट: अर्ज कोणाकडे, कागद कोणते, आणि धुराचा पाईप कुठून काढायचा

गेल्या जानेवारीत बोरिवलीला मावशीकडे गेलो होतो, मावसबहीण आंघोळ करून बाहेर आली आणि दाराला टेकून तिथेच खाली बसली, डोकं जड, मळमळतंय, पाय उचलत नाहीत. गारवा होता म्हणून काचपट्ट्यांची खिडकी घट्ट लावलेली, आणि गिझर बाथरूमच्या आतच, वरचा गरम धूर बाहेर न्यायला पाईपच नाही. छतावर वीतभर काळा डाग पडलेला होता, तो आम्ही सगळेच रोज बघत होतो. गॅसचा वास कुणालाच आला नव्हता, कारण गॅस लीक नव्हताच. वास मुद्दाम मिसळतात तो न जळलेल्या गॅसला, अर्धवट जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. त्यादिवशी ती वाचली, पण तेव्हापासून जो कोणी गिझरचा पॉईंट घ्यायचा म्हणतो त्याला मी आधी धुराचं विचारतो.

आता अर्जाचं. खरं तर अर्ज दोन आहेत, एक गॅस कंपनीला आणि एक सोसायटीला, आणि दोन्ही सोबतच करा.

मुंबईत पाईपने घरी येणारा नैसर्गिक गॅस, म्हणजे पीएनजी, महानगर गॅसचा, म्हणजे एमजीएलचा. घरात आधीच कनेक्शन असेल तर बिलावरचा बीपी नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, घेऊन जादा पॉईंटसाठी, म्हणजे गिझरला गॅस जोडायच्या आणखी एका तोंडासाठी, अर्ज करायचा, वेबसाईटवर किंवा ॲपवर होतो. कनेक्शनच नसेल तर आधी बिल्डिंगपर्यंत लाईन आलीय का ते बघा, ती नसेल तर एकट्या फ्लॅटचा अर्ज पुढे सरकत नाही, कमिटीलाच मागे लागावं लागतं. कागद साधेच: फोटो असलेलं ओळखपत्र आणि घर तुमचं असल्याचा पुरावा, म्हणजे लाईट बिल, मेंटेनन्सचं बिल, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), यातलं काय चालेल ते फॉर्मवर असतं. नाव सगळीकडे सारखं हवं, आजोबांच्या नावावर खोली आणि अर्ज नातवाचा असं असेल तर आधी ते निस्तरा. भाड्याने राहात असाल तर मालकाचं एनओसी आणि ॲग्रीमेंट. डिपॉझिटची पावती जपून ठेवा, कनेक्शन सोडताना लागते. सिलिंडर असेल तर पीएनजी सुरू झाल्यावर तो डिस्ट्रिब्युटरकडे जमा करायचा, तिथलं डिपॉझिट परत मिळवायला जुनं सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे सिलिंडर घेताना मिळालेली डिपॉझिटची पावती, शोधून ठेवा.

मग गॅस कंपनीचा माणूस घर बघायला येतो. त्याला बाथरूमच्या आत पॉईंट द्या म्हणून गळ घालू नका. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीला लागून बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची लाईन न्यायची. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर चालू असताना चार-पाच बर्नर एकदम पेटवल्याइतका गॅस जाळतो, आणि एक घनमीटर गॅसला साधारण दहा घनमीटर हवा लागते, छोट्या बंद बाथरूममध्ये ती येणार कुठून. गिझर पीएनजीचाच घ्या, सिलिंडरच्या गिझरचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, वेगळा असतो, त्यावर पीएनजी नीट जळत नाही.

पॉईंट कंपनी देते, धूर बाहेर काढणं तुमच्या हातात, आणि इथेच सगळे ढिले पडतात. पाईप धातूचा हवा, प्लंबर पीव्हीसी लावतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. शक्यतो दुहेरी पाईपवाला गिझर घ्या, आतल्या नळीतून धूर जातो आणि बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, थंडीच्या देशात गॅसच्या फायरप्लेसला असाच पाईप भिंतीतून बाहेर काढतात, घरातली हवा वापरलीच जात नाही. साधा पाईप असेल तर बाजूच्या एक्झॉस्ट फॅनकडे लक्ष द्या, तो धूर उलटा घरात ओढू शकतो.

सोसायटीचा अर्ज सेक्रेटरीच्या नावाने, कुठल्या भिंतीला किती इंचाचं भोक आणि पाईपचं तोंड कुठे उघडणार ते लिहून, सोबत एक साधं स्केच. भोक वीटकामातच, बीम-कॉलमला हात नाही. तोंड डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगमधल्या उभ्या बंदिस्त पोकळीत, सोडायचं असेल तर थांबा आणि वर बघा. त्याच डक्टमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, तुमचा धूर त्यांच्या घरात जाणार. मोकळ्या बाजूलाच काढा, कुणाच्याही खिडकीखाली नको, किती अंतर ठेवायचं ते गिझरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एनओसी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट घ्या, कमिटी बदलली की तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.

काम झालं की साधा, वर जाणारा पाईप असलेला गिझर पाच मिनिटं चालवा आणि गिझरच्या वर, पाईप सुरू होतो तिथल्या झाकणीच्या फटीपाशी पेटलेली अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक, तुमच्याकडे वळला तर गिझर लगेच बंद करून माणूस परत बोलवा. ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली किंवा आंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखायला लागलं तर गिझर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि डॉक्टरला गॅस गिझर होता हे स्वतःहून सांगा. आणि पाईपच्या तोंडाला जाळी लावून घ्या, पावसाळ्यात गिझर बंद राहिला की कबुतरं तिथेच काड्या आणून घरटं करतात.