मीना वेगळा आणि भरलेला रंग वेगळा

लॉकेटवर हिरवं-तांबडं काही चमकलं की "मीनाकाम आहे" म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड गिऱ्हाइकाला आहे तशीच विकणाऱ्यालाही. सोलापूरच्या पूर्व मंगळवार पेठेत एक काका मला त्यांच्या आजोळचं लॉकेट दाखवत होते. "शंभर वर्षांचा मीना आहे बघा." त्यांना विचारून कडेला टाचणी टेकवली, तर टोक रुतलं. अहो काका, मीना काचेचा असतो, काचेत टाचणी रुतेल का?

सोन्याचा कस, वजन, घट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, ते सोडून देऊ. सोनं कोरून केलेल्या खळग्यात काय भरलंय, तेवढंच बघायचं.

मीना म्हणजे काच. तिला रंग येतो धातूंच्या भस्मांनी: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा. ही काच कुटून, पाण्यात कालवून खळग्यात भरतात आणि भट्टीत घालतात. साधारण 750 ते 850 अंशांना ती वितळते आणि सोन्याला कायमची धरते. शुद्ध सोनं वितळायला 1064 अंश लागतात, म्हणून चांगल्या कसाचं सोनं ही भट्टी सोसतं. शिवाय सगळे रंग एकदम भाजता येत नाहीत. जास्त आच सोसणारा आधी, नाजूक शेवटी. जयपूरच्या कामात पांढरा पहिला आणि तांबडा अखेरचा. दर रंगाला भट्टीची नवी फेरी, आणि दर फेरीला आधीचं काम तडकायची धास्ती.

भरलेला रंग म्हणजे रेझिन, वाळून प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा द्रव. दोन बाटल्यांतलं कालवायचं, सुईने थेंब सोडायचे, वाळू द्यायचं. दुपारी बसलात तर संध्याकाळपर्यंत डझनभर लॉकेटं होतात. गड्ड्याच्या यात्रेत असलं लॉकेट घेतलं तर माझी काही तक्रार नाही. तक्रार बिलावर "मीना" लिहिण्याची आहे.

भिंग घ्या. पारदर्शक मीन्याखाली खळग्याच्या तळाचं कोरीव काम दिसतं, उजेड तळातून वर आल्यासारखा वाटतो. रेझिनमध्ये बुडबुडे सापडतात, कडा उचललेल्या दिसतात. खरी खूण तुटलेल्या जागी. मीन्याचा टवका उडतो आणि जखम धारदार, शिंपल्यासारखी वळणदार असते. रेझिन सालपटासारखं निघतं. ओठाला लावून बघा, काच गार लागते. तापलेली सुई टोचून बघणारे महाभाग आहेत. माझ्या वस्तूला तरी मी त्यांना हात लावू देणार नाही.

घोळ होतो तो दोन्ही एकाच वस्तूत असतात तेव्हा. माझ्या आजीच्या लॉकेटवर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, आहे. कडी तुटली म्हणून एका कारागिराकडे दिलं, त्याने लॉकेट जवळ ठेवूनच कडीला आचेवर झाळ मारली. डाव्या डोक्याचा हिरवा मीना तडकून गळला. पठ्ठ्याने तिथे हिरवं रेझिन भरलं आणि काही न बोलता परत दिलं. घरी उन्हात धरलं तर उजवं डोकं आतून झळकतंय आणि डावं प्लॅस्टिकच्या बांगडीसारखं! डागडुजी लबाडी नव्हे, पण सांगायला काय झालं होतं?

या पक्ष्याला "दोन मोर" म्हणणाऱ्यांसाठी: धड एक आणि डोकी दोन, तो गंडभेरुंड. धडं दोन असली तर मोरांची जोडी. कर्नाटकच्या राजमुद्रेवर गंडभेरुंडच आहे, सोलापूरकराला तरी वेगळा सांगायला नको. विजयनगरच्या अच्युतरायाच्या (1529–1542) सोन्याच्या नाण्यांवरही तो आहे, पण तेवढ्यावरून गंडभेरुंडाचं प्रत्येक लॉकेट विजयनगरचं ठरत नाही.

कुंदन ही खडे बसवायची रीत, मीना नव्हे. पुष्कळदा पुढून कुंदन आणि पाठीला मीना असतो. "अँटिक फिनिश" म्हणजे नुसता काळपटपणा, तो गेल्या आठवड्यातलाही असतो.

जुन्या मीन्याला पुन्हा भट्टी दाखवायची तर शेजारचे सगळे रंग पणाला लागतात, म्हणून ते डोकं मी तसंच ठेवलंय. नवी कडीही लावली नाही. पटवेकऱ्याकडून रेशमी गोफात गाठवून घेतलं.